प्रवासातले खेळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांत अडचण एकच आहे. खेळ घेताना खोक्यावरचं चित्र पाहिलं जातं, बसायची जागा मात्र कोणी पाहत नाही. समोर किती जागा मोकळी आहे, ती हलते का आणि डाव मध्येच मोडावा लागला तर काय करायचं, हे आधी ठरवलं की अर्धी यादी आपोआप गळते.

प्रश्न : चुंबकाचा बुद्धिबळपट घेतला, तरी गाडी आदळली की मोहरे सरकतात. दोन प्याद्यांचे चुंबक तर सुटूनच आले. सेट बदलावा का?

बदलण्याआधी तपासून बघा. सगळे मोहरे मांडा, पट उभा धरा, मग पूर्ण पालथा करून हलका झटका द्या. उभ्या पटावरच मोहरे घसरत असतील तर चुंबक कमजोर आहेत, किंवा पटाखाली लोखंडी पत्रा नसून नुसता चुंबकी रबराचा पातळ थर आहे. असा सेट सुधारत नाही. पालथ्या पटावरून फक्त राजा आणि वजीर पडत असतील तर दोष उंचीचा आणि वजनाचा. उंच मोहरा धक्क्यासरशी तळाच्या एका कडेवर कलंडतो, आणि चुंबक व पत्रा यांच्यात कागदाएवढी फट पडली तरी पकड झपाट्याने कमी होते. तळाला जाड फेल्ट चिकटवलेलं असेल तर तेही पकड खातं. ते खरवडून टाका आणि पुन्हा तपासा, बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

मोहऱ्याचा तळ घराच्या पाऊणपटीपेक्षा मोठा नसावा. घर २ सेंटिमीटरचं असेल तर तळ दीड सेंटिमीटरपर्यंत. त्याहून दाटी झाली की शेजारशेजारचे चुंबक एकमेकांना ढकलतात किंवा ओढतात, आणि घोडा उचलायला जावं तर उंटही सोबत येतो.

सुटलेला चुंबक बसवायला दोन भाग मिसळून वापरायचं इपॉक्सी घ्या. सुपरग्लू वाळल्यावर ठिसूळ होतो आणि मोहरा एकदा आपटला की तडकतो. चुंबकाची वरची बाजू आणि मोहऱ्याची खाच दोन्ही पॉलिशपेपरने घासा, कोरड्या कापडाने पुसा. चिकटवण्याआधी दिशा बघायला विसरू नका : चुंबकाची एक-एक बाजू चांगल्या मोहऱ्याच्या तळाजवळ न्या. जी बाजू ढकलली जाते ती खाली यायला हवी. उलटा बसला तर तो मोहरा शेजाऱ्यांना चिकटत राहील. इपॉक्सी पक्कं व्हायला २४ तास द्या. तळापेक्षा चुंबक किंचित आत राहिला तर चालेल, बाहेर आला तर मोहरा डुगडुगतो.

रस्ता खरोखरच खराब असेल तर उभ्या मोहऱ्यांचा नाद सोडा. चपट्या चुंबकी चकत्यांवर चित्रं छापलेला, पुस्तकासारखा मिटणारा सेट दिसायला रुक्ष असतो, पण मांडलेला डाव तसाच मिटून बॅगेत टाकता येतो.

अर्धवट डावाचा फोटो काढून ठेवत असाल तर त्यासोबत तीन गोष्टी लिहा, कारण त्या फोटोत दिसत नाहीत : चाल कोणाची आहे, कोणाचा राजा किंवा हत्ती आधी हलला आहे का (कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, करता येईल की नाही ते त्यावर ठरतं), आणि शेवटची चाल कोणती होती. प्यादं नुकतंच दोन घरं पुढे आलं असेल तर एन पासांवरून, म्हणजे अशा प्याद्याला शेजारच्या प्याद्याने लगेच मारण्याच्या नियमावरून, हमखास वाद होतो.

जाता जाता : हॉटेलच्या खोलीचं चुंबकी पट्टीचं कार्ड या सेटसोबत एका कप्प्यात ठेवू नका. प्रत्येक पाहुण्यासाठी पुन्हा लिहायची असल्याने ती पट्टी सहज पुसली जाईल अशीच असते. बँकेच्या कार्डाची पट्टी त्या मानाने बरीच चिवट.

प्रश्न : आम्ही चौघं असतो. पत्ते जवळ असतात, पण टेबल नसतं. बदाम सात लावला की दोन मिनिटांत सगळं विस्कटतं. मग खेळावं काय?

बदाम सातच खेळा, फक्त पसरू नका. सत्ती मधे ठेवा. छक्कीपासून खालचे पत्ते तिच्या डावीकडे एकाच ढिगात, अठ्ठीपासून वरचे उजवीकडे एकाच ढिगात. प्रत्येक ढिगाचा वरचा पत्ता दिसला की पुढचा कोणता लागणार ते कळतं, खालचे दिसायची गरजच नाही. म्हणजे तीन पत्ते रुंदी आणि चार पत्ते उंची. नेहमीचा रुंद पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा असतो, त्याला साधारण १९ बाय ३५ सेंटिमीटर जागा लागेल. चारही ओळी एकमेकींवर अर्ध्या-अर्ध्या चढवल्या तर ३५चे २२ होतात, आणि एवढी जागा मांडीवरच्या आडव्या बॅगेवर निघते. ब्रिजच्या मापाचा कॅट असेल तर पत्ता ५७ मिलिमीटरचा, रुंदीत आणखी दोनेक सेंटिमीटर वाचतात, आणि लहान हातांनाही तो धरायला बरा.

याहून बरा पर्याय म्हणजे हात करण्याचे खेळ, कारण मधे एका वेळी चारच पत्ते पडतात. त्यातही आमचं मत जजमेंटला. पहिल्या फेरीत एकेक पत्ता वाटा, दुसरीत दोन-दोन, असं वाढवत जा. चौघांत तेरापर्यंत जाता येतं. हुकूम दर फेरीला बदलतो : इस्पिक, चौकट, किलवर, बदाम, पुन्हा इस्पिक. पत्ते बघून आपण नेमके किती हात करणार ते प्रत्येकाने आधी बोलायचं. शेवटी बोलणाऱ्यावर एक बंधन असतं : त्याचा आकडा धरून सगळ्यांची बेरीज त्या फेरीतल्या एकूण हातांइतकी होता कामा नये. म्हणजे कोणीतरी एक चुकणारच, आणि खेळाची सगळी गंमत तिथे आहे. बोलल्याइतकेच हात झाले तर दहा अधिक बोललेले हात एवढे गुण, एकाने जरी कमी-जास्त झाले तरी शून्य. दर फेरीला गुण लिहिले जात असल्याने उतरायची वेळ आली की कोणत्याही फेरीला थांबता येतं. रमीत ही सोय नाही. तिथे डाव मोडला की हातातली सगळी जुळवाजुळव वाया.

पिसण्याबद्दल. जागा नाही म्हणून अनेक जण पत्ते पाच-सहा ढिगांत एकेक टाकतात आणि ढीग गोळा करतात. त्याने पत्ते मिसळत नाहीत, ठरलेल्या क्रमाने नुसती जागा बदलतात. कॅटचे दोन भाग करून त्यांच्या कडा एकमेकींत सोडत पिसा. हे मांडीवरही जमतं. ५२ पत्ते नीट मिसळायला असं सात वेळा करावं लागतं, हे डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिलं.

कागदी पत्ते दमट हवेत फुगतात, कडा सुटतात आणि वाटताना दोन-दोन एकत्र जातात. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून घेता येतात. पाकिटावर ‘प्लास्टिक कोटेड’ असेल तर आत कागदच आहे, तो धुवायला जाऊ नका. प्लास्टिकच्या पत्त्यांची खोड एकच : गुळगुळीत बॅगेवरून ते ओघळतात. खाली टॉवेल किंवा मफलर अंथरा. निघण्यापूर्वी पत्ते मोजा, आणि एखादा हरवलाच असेल तर जोकरावर पेनाने त्याचं नाव लिहून काम भागवा.

प्रश्न : मी एकटीने प्रवास करते. स्क्रीन नको वाटते. पत्ते कुठेही न मांडता, हातातल्या हातात खेळता येईल असं काही आहे का?

आहे. कॅट पिसून एका हातात पालथा धरा. वरून एकेक पत्ता काढून दुसऱ्या हातात उघडा, पंख्यासारखा लावत जा. चार पत्ते झाले की शेवटचा आणि शेवटून चौथा बघा. दोन्ही एकाच प्रकारचे असतील, म्हणजे दोन्ही इस्पिक किंवा दोन्ही बदाम, तर त्यांच्या मधले दोन काढून टाका. दोन्हींचा आकडा एकच असेल, म्हणजे दोन्ही नव्व्या किंवा दोन्ही राण्या, तर चारही काढा. काहीच जुळलं नाही तर पुढचा पत्ता घ्या आणि पुन्हा शेवटचे चार तपासा.

उदाहरणार्थ चौकट पंजी, इस्पिक राजा, किलवर दुर्री, चौकट गुलाम असे आले. दोन्ही टोकांना चौकट, म्हणून राजा आणि दुर्री जातात. आता त्यांच्याआधीचे पत्ते शेवटच्या चारांत आले, तेव्हा नवा पत्ता घेण्यापूर्वी पुन्हा तपासायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं आणि काढता येणारे पत्ते हातात अडकून राहतात. काढलेले पत्ते न उघडलेल्या कॅटच्या मागे आडवे खोचा, म्हणजे खिसा शोधावा लागत नाही. कॅट संपल्यावर हातात उरलेले पत्ते हे तुमचे गुण, जितके कमी तितके चांगले. हात पूर्ण रिकामा होणं फार क्वचित घडतं, त्यामुळे तो होत नाही म्हणून नियमांत चूक शोधत बसू नका.

प्रश्न : मुलांना गाडीत वही किंवा मोबाइल दिला की मळमळतं. बघावं न लागणारे खेळ सुचवा.

कानातल्या तोलाच्या इंद्रियाला गाडी हलतेय हे कळत असतं आणि मान खाली घालून एका जागी खिळलेले डोळे मेंदूला सांगतात की सगळं स्थिर आहे. या विसंगतीने मळमळतं. म्हणून वही, पत्ते, मोबाइल सगळं सारखंच वाईट. मळमळ सुरू झाली असेल तर आधी खेळ थांबवा, खिडकी उघडा आणि नजर समोर दूरवर लावायला सांगा. पोट शांत झालं की तोंडी खेळ.

सगळ्यांत टिकाऊ म्हणजे वीस प्रश्न. एकाने वस्तू मनात धरायची, बाकीच्यांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. दर प्रश्नाने उरलेल्या शक्यता निम्म्या केल्या तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींतून एक ओळखता येते. मुलं हरतात ती तिसऱ्याच प्रश्नाला ‘वाघ आहे का?’ असं विचारून. त्यांना आधी १ ते १०० मधली संख्या ओळखायला लावा. ‘५० पेक्षा मोठी आहे का?’ अशा निम्म्यावर नेणाऱ्या प्रश्नांनी ती सातांत सापडतेच. ही युक्ती एकदा कळली की प्राणी आणि वस्तूंकडेही ती तशीच वापरली जाते.

तिघं-चौघं असतील तर ‘माझ्या पिशवीत काय’. पहिला एक वस्तू सांगतो, दुसरा ती म्हणून आपली एक जोडतो, यादी वाढत जाते. चुकणाऱ्याला बाद करू नका, पंच करा. बाद झालेलं मूल पाच मिनिटांत मोबाइल मागतं.

प्रश्न : फक्त कागद आणि पेन आहे. फुली-गोळ्याच्या पुढे काय?

फुली-गोळा दोघांनाही नीट येत असेल तर दरवेळी बरोबरीतच सुटतो, त्यामुळे कंटाळा येणं साहजिक आहे.

ठिपके जोडून चौकोन करण्याचा खेळ तुम्हाला माहीत असेल, पण तो बहुतेक जण नुसत्या नशिबावर खेळतात. ६ बाय ६ ठिपके काढा. त्यात २५ चौकोन होतात, विषम आकडा असल्याने बरोबरी होत नाही, आणि सगळ्या मिळून रेघा ६०. आडवी किंवा उभी एक रेघ काढायची, चौकोन पुरा करणाऱ्याला तो मिळतो आणि पुन्हा खेळावंच लागतं. खेळ अर्ध्यावर आला की चौकोनांच्या लांब साखळ्या तयार होतात आणि कोणालातरी त्यातली एक उघडून द्यावी लागते. समोरच्याने तीन किंवा अधिक चौकोनांची साखळी उघडली तर सगळी खाऊ नका. शेवटचे दोन चौकोन ठेवा आणि त्यांच्या उघड्या टोकाला रेघ मारून चाल संपवा. तो मधली एक रेघ मारून दोन्ही चौकोन घेईल, पण नंतर त्यालाच पुन्हा खेळायचं आहे, आणि पुढची साखळी तुमच्यासाठी उघडावी लागेल. दोन देऊन पाच-सहा मिळतात. अगदी शेवटची साखळी मात्र पूर्ण घ्या.

कागद कमी असेल तर स्प्राउट्स. १९६७ साली केंब्रिजमध्ये जॉन कॉनवे आणि मायकेल पॅटर्सन या गणितज्ञांनी तो काढला. कागदावर तीन ठिपके द्या. पाळी आली की दोन ठिपके, किंवा एकच ठिपका स्वतःशी, वळणावळणाच्या रेघेने जोडायचा आणि त्या रेघेवर कुठेतरी नवा ठिपका द्यायचा. रेघ कुठल्याही रेघेला छेदता कामा नये आणि एका ठिपक्यातून तीनपेक्षा जास्त रेघा निघता कामा नयेत. ज्याला रेघ काढता येत नाही तो हरला. हा खेळ लांबत नाही. प्रत्येक ठिपक्याला तीन ‘जीव’ धरले तर तीन ठिपक्यांचे नऊ होतात. दर चालीला दोन जीव जातात आणि नव्या ठिपक्याचा एक मिळतो, म्हणजे एक कमी होतो, आणि शेवटी निदान एक उरतोच. त्यामुळे तीन ठिपक्यांचा डाव फार तर आठ चालींत संपतो. हलत्या गाडीत रेघ चुकून दुसरीला टेकते. ठिपके मोठे काढा आणि पूर्ण पान वापरा.

वेळ भरपूर असेल तर युद्धनौका : समोरच्याने लपवलेल्या नौका घराचं नाव सांगून शोधायच्या. चौकटीच्या वहीत प्रत्येकी १० बाय १०ची दोन मैदानं काढा, एक स्वतःच्या नौकांचं, एक समोरच्याचं टिपायला. नौका ५, ४, ३, ३ आणि २ घरांच्या, मिळून १७ घरं. अंदाधुंद गोळे टाकू नका. सगळ्यांत लहान नौकाही दोन घरांची आहे, म्हणून बुद्धिबळाच्या पटावरच्या फक्त काळ्या घरांवर मारा करत गेलात तर पन्नास घरांत प्रत्येक नौका कुठे ना कुठे लागतेच. एक व्यावहारिक सूचना : ओळींना क, ख, ग, घ अशी नावं देऊ नका. गाडीच्या आवाजात क आणि ख, ग आणि घ वेगळे ऐकू येत नाहीत आणि मैदान चुकीचं भरलं जातं. अ, क, च, ट, प, म, र, ल, स, ह घ्या, आणि ऐकणाऱ्याने घर पुन्हा मोठ्याने म्हणावं.

प्रश्न : फासे सीटखाली जातात आणि आवाजाने शेजारचे वैतागतात.

फासे झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून डबीच हलवा. तळाला फेल्टचा तुकडा चिकटवला की खडखड थांबते. १६ऐवजी १२ मिलिमीटरचे फासे घ्या, पाच असले तरी छोट्या डबीत मोकळे फिरतात. डबीच्या भिंतीला टेकून तिरका राहिलेला फासा धरायचा नाही, सगळे पुन्हा हलवायचे, हे आधीच ठरवा.

एकाच फाशात ‘पिग’ होतो. पाळीत हवं तितक्या वेळा फासा टाका आणि बेरीज करत जा. थांबलात तर बेरीज खात्यात, एक पडला तर त्या पाळीचं सगळं गेलं. आधी १०० करणारा जिंकला. पाळीची बेरीज २० झाली की थांबणं चांगलं. २ ते ६ची बेरीज २० येते, म्हणजे पुढच्या एका टाकीत सरासरी २० भागिले ६ मिळण्याची आशा असते. एक पडला तर हातातलं सगळं जातं, आणि ती शक्यता सहात एक. हातात बरोबर २० असताना दोन्ही पारडी समान होतात, त्यापुढे टाकणं तोट्याचं.

प्रश्न : हाइव्ह या सोंगट्यांच्या खेळाला पट लागत नाही, म्हणून तो प्रवासाला बरा का?

थांबलेल्या जागी उत्तम, हलत्या गाडीत नाही. प्रत्येकी ११ षटकोनी सोंगट्या एकमेकींना नुसत्या टेकून असतात, एक धक्का बसला की कोण कोणाला लागून होतं हे सांगता येत नाही. विमानाच्या ट्रेवर मात्र चालतो. डाव एका कडेला सरकत गेला तर पुठ्ठ्याने सगळी मांडणी मधे ढकला. पट नसल्याने जागा बदलली तरी डाव बदलत नाही.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीसाठी छोटा चुंबकी सेट चालेल का? सोबत दीड वर्षाचा भाऊही असतो.

नाही. सुटलेले दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटून तिला भोक पडू शकतं. चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठा. दीड वर्षाच्या मुलाजवळ ३ सेंटिमीटरपेक्षा लहान कुठलीच वस्तू नको, त्यात फासे आणि प्यादी आलीच. मुलीला मोठे चित्रपत्ते द्या, दहा-बारा जोड्या. पालथे मांडून जोड्या शोधायच्या.

प्रश्न : विमानात मोबाइलवरचे खेळ उघडतच नाहीत. घरी तर नीट चालतात.

बरेच खेळ सुरू होताना खातं किंवा परवाना इंटरनेटवरून तपासतात, काही पुढच्या पातळ्या त्याच वेळी उतरवतात. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा, खेळ पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि निदान दोन पातळ्या खेळून पाहा. नुसता मुखपृष्ठाचा पडदा दिसला म्हणजे चालतो असं नव्हे. त्यानंतर अपडेट करू नका, केलाच तर चाचणी पुन्हा करा. बुद्धिबळ, सुडोकू आणि पत्त्यांच्या पेशन्सची साधी ॲप्स सहसा त्रास देत नाहीत.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात सोडलेल्या बॅगेत ती चालत नाही. साधारण नियम असा की १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६०ला विमान कंपनीची लागते. वर आकडा फक्त मिलिअँपिअर-अवरमध्ये असेल तर त्याला ३.७ने गुणून १०००ने भागा : १०,००० म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० म्हणजे ७४. छापील आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत ती अडवली जाऊ शकते, म्हणून त्यावर स्टिकर लावू नका.